ओहोटी अकराला

आगरवाड्याच्या पंचायतीत आज खुर्च्या भिंतीला लावल्यात,
मधे दोन जुन्या साड्या बांधून पडदा केलाय.
बाहेर माडाखाली तपासणीची गाडी,
बसएवढी, पांढरी, आतून गार.
माझ्याकडे रजिस्टर आहे. नाव, घर नंबर, वय.

वयाच्या रकान्यावर रांग अडते.

"लिही कितीही," शेवंती परब म्हणते,
"गोवा मुक्त झाला तेव्हा मी रांगत होते."
मी बोटांवर मोजून चौसष्ट लिहिते.
"एवढी?" ती माझ्याकडे बघते,
जणू मीच वाढवली.

पिएदादला घाई आहे.
"ओहोटी अकराला, बाय. त्याआधी सोड मला.
पाणी काय डॉक्टरणीसाठी थांबतं?"
सत्तेचाळीस वर्षांची. इस्पितळात गेली ती तीनदा,
तिन्ही वेळा बाळंतपणाला.
"म्हणजे माझ्यासाठी एकदाही नाही," तीच हिशेब लावते.

हंसिका तेरा. नर्स तिची पापणी खाली ओढते,
बोटाला सुई टोचते, आकडा सांगते: नऊ.
पोर खूष होते,
दहापैकी समजून.

दर्शिता बत्तीस. साडीच्या पडद्याआड गेली
आणि पोस्टात शिक्का मारायला लागतो
तेवढ्यात बाहेर आली.
"काय केलं गं आत?" सासू दबक्या आवाजात.
"काही नाही. पिशवीचं तोंड बघितलं. आता परत पाच वर्षांनी."
सासू पदराशी चाळा करत बसली बराच वेळ,
मग माझ्या टेबलापाशी आली:
"माझं वय चालेल?"

शेवंतीच्या दंडाला पट्टा आवळून
डॉक्टरीण म्हणाली, "मीठ कमी करा, आजी."
सभागृह हसून हसून लोळलं.
तिच्या टाचांच्या भेगांत अजून आगराचं मीठ आहे.
"तीन पिढ्या आम्ही काय साखर पिकवली?"
पण गोळ्यांची पुडी तिने कनवटीला लावली,
नीट, दोनदा चाचपून.

मग लविनिया नर्सने पेटीतून रबराचा स्तन काढला.
सगळ्या माना खाली.
"तीन बोटं. पेरांनी. हळू, गोल गोल. महिन्यातून एकदा, अंघोळीला."
पिएदादने तो हातात घेतला, डोळे मिटले.
"हा खडा. इथे. आणि हा आणखी एक, आत, बारका."
दुसरा अजून कुणालाच सापडला नव्हता, नर्स म्हणाली,
शिकाऊ मुलींनासुद्धा.
"चिखलात हात घालून तिसरी कुठली न् खडा कुठला,
तीस वर्षं दुसरं काय करते मी?"

तेव्हा माझं पेन थांबलं.

आईची बोटंही अशीच होती.
शापोऱ्याच्या गुडघाभर गाळात
ती न बघता सांगायची, ही जिवंत, ही रिकामी.
मग तिला कळलं नसेल कसं?
कळलं होतं. आज मला कळतंय की कळलं होतं.
घरखर्चातून वाचवलेली नोट बाई दडवते
तसं तिने ते दडवलं, चोळीच्या आत,
आणि दुखलं की म्हणायची, टोपली लागली.
कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी बारावीला होते,
आणि ओहोटी तेव्हाही कधी अकराला, कधी बाराला.

साडेदहा. एक्केचाळीस नावं झाली.
लविनिया म्हणते, "गाडीत एकीची जागा आहे."
बेचाळिसाव्या ओळीत मी माझं नाव घालते,
घर नंबर घालते,
आणि वयाच्या रकान्यावर अडते.
एकोणपन्नास.
ती एवढीच होती.

गाडीत थंड पाटी, बाजूला माझी दुमडलेली ओढणी.
"श्वास धरा," आतली मुलगी म्हणते.
मी धरते.
बाहेरून बादलीचा आवाज जवळ येतो,
आणि पिएदादचा, रस्ताभर ऐकू जाईल असा:
"आटप गो! पाणी उतरायला लागलं!"